अमेरिकेतला जुना फोन नंबर इंटरनेट कॉलिंग सेवेत नेणे आणि गरज पडल्यास परत आणणे

परतवाट

नमस्कार. एडिसन, न्यूजर्सी येथे चौदा वर्षे राहून आम्ही जुलैअखेर कायमचे पुण्याला परतत आहोत. घर विकले गेले, मुलीच्या शाळेचे ठरले, सामानाचा कंटेनरही नोंदवून झाला. आता माझे घोडे पेंड खात आहे ते फोन नंबरापाशी. अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात घेतलेला हा नंबर दोन बँकांत, निवृत्तिनिधीच्या खात्यात, सोशल सिक्युरिटीच्या (तिथल्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) नोंदीत, करसल्लागाराकडे आणि मुलीच्या डॉक्टरांकडे दिलेला आहे. परतल्यावरही काही वर्षे तिथले करविवरणपत्र भरावे लागणार असल्यामुळे हा नंबर सोडणे मला परवडणारे नाही, आणि दरमहा पूर्ण बिल भरत राहणेही पटत नाही.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नंबर गूगल व्हॉइस या गूगलच्या इंटरनेट कॉलिंग सेवेत पोर्ट करण्याचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, सल्ला दिला. माझ्या तीन अडचणी आहेत. नंबर माझा असला तरी तो दिरांच्या फॅमिली प्लॅनमध्ये असून खाते त्यांच्या नावावर आहे. अशा वेळी पोर्ट करण्याची विनंती कोणी करायची? पोर्ट झाल्यावर बँकांचे ओटीपी पुण्यात बसून मिळतील का? आणि दोन-तीन वर्षांनी आम्हाला पुन्हा यावे लागले, तर हाच नंबर साध्या मोबाइल कंपनीकडे परत नेता येतो का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तारायंत्र

दूरसंचार क्षेत्रात काम केलेले असल्यामुळे आधी पाठीमागची व्यवस्था सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

अमेरिकेत नंबर सोबत नेण्याचा हक्क १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आला. मोबाइल नंबरांसाठी तो २४ नोव्हेंबर २००३ पासून अमलात आला आणि २००७ मध्ये एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेने इंटरनेट कॉलिंग सेवांनाही त्याच बंधनात आणले. जुन्या काळी नंबराचे पहिले सहा आकडे पाहूनच तो कोणत्या एक्स्चेंजचा आहे हे कळत असे. आता नंबर कुठेही जाऊ शकत असल्यामुळे एक मध्यवर्ती नोंदवही ठेवावी लागते. पोर्ट झालेल्या प्रत्येक नंबरापुढे तो सध्या कोणाच्या यंत्रणेत राहतो हे तिच्यात लिहिलेले असते, आणि कॉल लावला की मधली यंत्रणा आधी या नोंदवहीत पाहून मगच कॉल पुढे सोडते. म्हणजे पोर्ट करणे याचा खरा अर्थ या नोंदवहीतील एक ओळ बदलणे एवढाच आहे.

ही ओळ बदलली की तुमचे दहा आकडे तसेच राहतात, परंतु नंबराचा प्रकार बदलतो. काल तो मोबाइल होता, आज तो इंटरनेट टेलिफोनीचा झाला. हा बदल बँकांना दिसतो, कारण ओटीपी पाठवण्यापूर्वी नंबराचा प्रकार तपासण्याची सोय त्यांच्याकडे असते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की, ज्या मार्गाने विशिष्ट उपकरण माणसाच्या हातात असल्याचे सिद्ध होत नाही, असे मार्ग, म्हणजे इंटरनेट टेलिफोनी आणि ईमेल, अशा पडताळणीसाठी वापरू नयेत. त्यामुळे काही बँका अशा नंबरावर कोड पाठवतात, काही पाठवत नाहीत, आणि आज पाठवणारी बँक सहा महिन्यांनी धोरण बदलू शकते. सरकारी सेवांसाठीचे लॉगिन डॉट गव्ह तर इंटरनेट फोनचे नंबर चालत नाहीत असे स्वतःच सांगते. सोशल सिक्युरिटीच्या खात्यात अनेकजण याच मार्गाने शिरतात, तेव्हा ते आधी तपासा. तिथे ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारे ॲप), सुरक्षा किल्ली (ओळख पटवण्यासाठी जोडायचे छोटे उपकरण) आणि कागदावर लिहून ठेवण्याचे राखीव कोड हे पर्याय उपलब्ध आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, नंबर हलवण्याआधी नंबराला जे जे टांगलेले आहे ते उतरवून घ्यावे. ज्या खात्यात ऑथेंटिकेटर ॲपची सोय आहे तिथे ते सुरू करावे, जिथे नाही तिथे ग्राहक सेवेला विचारून घ्यावे, आणि हे सर्व जुना सिम चालू असतानाच करावे, कारण प्रत्येक बदलाला शेवटचा ओटीपी त्याच नंबरावर येणार आहे.

ओसरी

एकच सांगते. जुनी लाइन स्वतः बंद करू नका. चार वर्षांपूर्वी मी पोर्टची विनंती केली आणि ती पूर्ण झाली असे समजून कंपनीला फोन करून लाइन बंद करवली. विनंती प्रत्यक्षात पिन चुकल्यामुळे नाकारलेली होती. बंद नंबर पोर्ट होत नाही. कंपनीच्या माणसांनी लाइन पुन्हा सुरू करता येते का ते पाहण्यात नऊ दिवस घालवले आणि शेवटी नकार दिला. बंद झालेला नंबर किमान ४५ दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्याला देण्याची पद्धत आहे. माझा नंबर पुढे कोणाला तरी मिळाला आणि माझ्या आईचे फोन काही महिने त्या अनोळखी गृहस्थांना जात राहिले. पोर्ट पूर्ण झाला की जुनी लाइन आपोआप बंद होते. आपण काही करायचे नसते.

परतवाट

ओसरीताई, वाचूनच धडकी भरली. वेळेवर सांगितलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तारायंत्र, फॅमिली प्लॅनचे काय ते कृपया सांगाल का?

तारायंत्र

विनंती तुम्ही गूगल व्हॉइसमध्ये करायची, परंतु तिच्यात भरायची माहिती दिरांच्या खात्याची असेल: खात्याचा क्रमांक, खातेदाराचे नाव जसे बिलावर छापलेले आहे तसे, बिलाच्या पत्त्याचा झिपकोड आणि पोर्टसाठीचा पिन. हा पिन म्हणजे ॲपमध्ये शिरण्याचा पासवर्ड नव्हे. मोठ्या कंपन्यांत तो वेगळा मागून घ्यावा लागतो आणि काही दिवसांतच तो बाद होतो, म्हणून महिनाभर आधी घेऊन ठेवू नये. पोर्ट नाकारले जाण्याची कारणे बहुतेक वेळा याच चार गोष्टींत सापडतात. दिरांनी आपल्या खात्यावर नंबर लॉक, म्हणजे पोर्ट रोखणारे कुलूप, लावलेला असेल तर तो आधी काढावा लागेल.

फोन हप्त्यांवर घेतलेला असल्यास उरलेली रक्कम एकदम बिलात येऊ शकते आणि एक लाइन कमी झाल्यामुळे दिरांच्या प्लॅनचा दरही बदलू शकतो, याची त्यांना आधी कल्पना द्या. थकबाकी आहे म्हणून कंपनी पोर्ट अडवू शकत नाही, मात्र थकबाकी माफही होत नाही.

मोबाइल नंबर गूगल व्हॉइसमध्ये आणण्याचे शुल्क एकदाच २० डॉलर आहे. कॉल साधारण एका दिवसात सुरू होतात. संदेशांना मात्र तीन कामकाजाचे दिवसही लागू शकतात, कारण संदेशांच्या वाटेची नोंद कॉलच्या नोंदीपासून वेगळी ठेवली जाते. या मधल्या दिवसांत कोणत्याही ओटीपीची गरज पडेल असे काम काढू नका. आणि हे सर्व अमेरिकेत असतानाच उरका. पडताळणीचा कोड त्याच नंबरावर येतो आणि ही सेवा सुरू करणे अमेरिकेबाहेरून शक्य होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. नंबर ज्या गूगल खात्यात नेणार, त्याच खात्याचा रिकव्हरी नंबर म्हणून बहुतेकांनी हाच नंबर दिलेला असतो. पोर्ट झाल्यावर घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखी स्थिती होते. खात्यातून बाहेर फेकले गेलात, तर आत शिरण्याचा कोड येणार त्याच खात्यातल्या नंबरावर, आणि तो वाचायला खाते उघडे हवे. पुण्यात उतरल्यावर नवीन फोन, नवीन देश, नवीन इंटरनेट असे सर्व एकदम बदलते, आणि नेमक्या अशाच वेळी गूगल जास्तीची पडताळणी मागू शकते. म्हणून रिकव्हरीसाठी तुमचा भारतीय नंबर किंवा यजमानांचा नंबर द्या, राखीव कोड छापून पासपोर्टच्या फाइलीत ठेवा, आणि शक्य असेल तर सुरक्षा किल्ली घ्या. खाते स्वतःचे खासगी असावे. ऑफिसने दिलेल्या खात्यात नंबर नेणे म्हणजे नोकरीबरोबर नंबर सोडून देणे.

कोकणकडा

वरील माहिती बिनचूक आहे, तरीही माझे मत वेगळे आहे. ओटीपी हीच मुख्य गरज असेल, तर नंबर इंटरनेट सेवेत नेण्याऐवजी एखाद्या छोट्या प्रीपेड मोबाइल कंपनीत न्यावा. दरमहा साधारण ५ डॉलरपासून असे प्लॅन मिळतात. नंबर मोबाइलच राहतो, त्यामुळे बँकांना आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही. वायफाय कॉलिंग, म्हणजे मोबाइल टॉवरऐवजी वायफायवरून कॉल आणि संदेश घेण्याची सोय, चालू ठेवले की तो सिम रत्नागिरीत बसूनही अमेरिकेतील संदेश स्वीकारतो. मी तीन वर्षे असेच करत आहे.

अर्थात यालाही पथ्ये आहेत. वायफाय कॉलिंग अमेरिकेतच चालू करावे, कारण त्यासाठी आपत्कालीन सेवेकरिता तिथला पत्ता द्यावा लागतो. परदेशातून वायफाय कॉलिंग चालते का हे कंपनीगणिक बदलते, ते लेखी विचारून घ्यावे. दर महिन्याचे पैसे आपोआप भरले जातील अशी व्यवस्था करावी आणि ज्या कार्डावरून ते भरले जातात त्याची मुदत कधी संपते हे लिहून ठेवावे. माझ्या ओळखीतील एका कुटुंबाचा नंबर केवळ कार्ड बदलल्यामुळे गेला. गूगल व्हॉइसमध्ये पोर्ट करून नेलेला नंबर मात्र वापर नाही म्हणून परत घेतला जात नाही, हा त्या पर्यायाचा मोठा गुण आहे, हे मी मान्य करतो.

परतवाट

कोकणकडा, हा मार्ग मला ठाऊकच नव्हता. एक शंका. माझा आयफोन अमेरिकेत घेतलेला असून त्यात सिम घालायची खाचच नाही. मग पुण्यात भारतीय सिम आणि हा सिम एकत्र कसे चालतील?

कोकणकडा

अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनांत केवळ ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, चालते. भारतात जिओ, एअरटेल आणि व्ही या तिन्ही कंपन्या ई-सिम देतात, तेव्हा दोन ई-सिम एकाच फोनमध्ये ठेवता येतात. अमेरिकन सिमचे रोमिंग बंद ठेवून वायफाय कॉलिंग चालू ठेवावे. घरी एखादा जुना, कुलूपमुक्त (कोणत्याही कंपनीचा सिम चालणारा) फोन असेल तर तो अमेरिकन सिमसाठी वेगळा ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते: तो विमान मोडमध्ये, वायफाय चालू करून, चार्जरजवळ पडून राहतो.

सांजदिवा

माझा अनुभव लँडलाइनचा आहे. फ्रीमाँटला राहणाऱ्या काकांचा घरचा नंबर सत्तावीस वर्षे जुना होता आणि काकूंच्या पश्चात त्यांना तो सोडवत नव्हता. गूगल व्हॉइस लँडलाइनचे नंबर थेट घेत नाही. म्हणून आम्ही आधी तो एका प्रीपेड मोबाइल सिमवर आणला, दहा दिवस नीट चालू दिला आणि मग तिथून पुढे नेला. पहिल्या टप्प्याला आठवडा लागला, दुसऱ्याला एक दिवस.

काकांच्या बाबतीत एक काळजी आम्ही वेगळी घेतली. त्या घरात दुसरा फोन नव्हता. खासगी खात्यातील गूगल व्हॉइसवरून ९११ हा अमेरिकेतील आपत्कालीन नंबर लागत नाही. घरच्या फोनसारखी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना २००५ पासून ९११ ची सोय द्यावी लागते, परंतु तिथेही मदत पोहोचते ती आपण नोंदवलेल्या पत्त्यावर. घर बदलले आणि पत्ता बदलायचा राहिला, तर रुग्णवाहिका जुन्या दारात उभी राहील. तो प्रीपेड सिमचा फोन, जुना नंबर निघून गेल्यावरही, आम्ही नवा नंबर घेऊन चालू ठेवला आणि काकांच्या पलंगाशेजारी ठेवला. ज्येष्ठांसाठी हे करणाऱ्यांनी हा खर्च वाचवू नये.

दुसरे असे की, सेवा स्वतःच बंद पडू शकते. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले तेव्हा ज्यांनी तिथे नंबर घेतले होते त्यांना ते हलवावे लागले. नंबर कुठेही नेला तरी त्या कंपनीचे ईमेल वाचत राहणे आवश्यक आहे.

गोदाकाठ

प्रश्न थोडा उलट दिशेचा आहे, पण याच विषयाचा असल्यामुळे इथेच विचारतो. मी नाशिकहून दोन वर्षांसाठी टोरांटोला जात आहे. माझा भारतीय नंबर अशाच एखाद्या इंटरनेट सेवेत नेऊन ठेवता येईल का?

तारायंत्र

नाही. भारतातील नंबर पोर्टेबिलिटी ही मोबाइलकडून मोबाइलकडे एवढीच आहे. ती नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ रोजी देशभर पोहोचली आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून (दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या विभागातून) दुसऱ्या सर्कलमध्ये नंबर नेणे शक्य झाले. लँडलाइन आणि इंटरनेट कॉलिंग सेवा तिच्या बाहेर आहेत. तुम्ही १९०० वर संदेश पाठवून मिळणारा आठ अक्षरांचा कोड घेऊन फक्त दुसऱ्या मोबाइल कंपनीकडे जाऊ शकता. परदेशात तुलनेने स्वस्तात नंबर जिवंत ठेवणारी कंपनी निवडायची असेल, तर हा बदल निघण्यापूर्वी पुरेसे दिवस हाताशी ठेवून करा. सर्कलच्या आत तीन आणि सर्कलबाहेर पाच कामकाजाचे दिवस लागतात, आणि नुकताच सिम बदलून घेतला असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस कोडच मिळत नाही.

नंबर प्रीपेडमध्ये ठेवून रिचार्जची मुदत कधीही संपू देऊ नका. रिचार्जची जबाबदारी घरातील एका माणसावर सोपवा. शिवाय कॅनडा हा त्या दहा देशांपैकी आहे, जिथले नंबर अनिवासी खात्यांशी जोडून यूपीआय वापरण्याची मुभा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये दिली. तुमची बँक ती सोय देते का ते विचारून घ्या.

गोदाकाठ

आभारी आहे. बँकेत उद्याच जातो. रिचार्जचे काम धाकट्या भावाकडे दिले आहे.

माहेरवाशीण

परतवाटताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले दिसत नाही, म्हणून लिहिते. आम्ही ठाण्यात तीन वर्षे राहून पुन्हा सिॲटलला आलो आणि मी माझा नंबर गूगल व्हॉइसमधून मोबाइल कंपनीकडे परत नेला. गूगल व्हॉइसमधील नंबर मुळात कुलूपबंद असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो आधी मोकळा करावा लागतो. तिथेच घेतलेल्या नंबरासाठी त्याचे ३ डॉलर पडतात, मोबाइल कंपनीकडून आणलेल्या नंबरासाठी काही पडत नाही. मी दुकानात गेले तेव्हा तिथल्या मुलीने खात्याचा क्रमांक मागितला आणि माझी थोडी धांदल उडाली, कारण असा क्रमांक मी कधी पाहिलाच नव्हता. तो दुसरा काही नसून आपलाच दहा आकडी नंबर असतो, आणि पिन म्हणजे व्हॉइसमेलसाठी आपण ठरवलेला पिन. व्हॉइसमेलचा पिन ठरवलेला नसेल तर दुकानात जाण्याआधी ठरवा.

जुने संदेश आणि व्हॉइसमेल मी आधी उतरवून घेतले होते. त्यात माझ्या वडिलांचा आवाज होता, त्यामुळे ते मी कोणत्याही कंपनीच्या भरवशावर सोडणार नव्हते.

परतवाट

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या सल्ल्यांवर दोन रविवार विचार करून काय केले ते इथे नोंदवत आहे, म्हणजे पुढे येणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आमच्याकडे दोन नंबर आहेत, हे मी आधी विचारातच घेतले नव्हते. त्यामुळे यजमानांचा नंबर एका प्रीपेड कंपनीत नेला. ज्या एका बँकेत ऑथेंटिकेटर ॲपची सोय नाही, ते आमचे संयुक्त खाते असल्यामुळे त्याचे कोड आता त्या नंबरावर येतात. परदेशातून वायफाय कॉलिंग चालते असे त्या कंपनीकडून ईमेलवर लिहून घेतले आहे. माझा नंबर गूगल व्हॉइसमध्ये गेला, कारण डॉक्टर, करसल्लागार आणि जुने शेजारी यांना मी पुण्यातही त्याच नंबरावर सापडावे अशी माझी इच्छा होती.

पोर्ट करण्यापूर्वी मी वहीत एक यादी केली: हा नंबर कुठे कुठे दिलेला आहे. मला वाटले होते दहा-बारा जागा असतील, सदतीस निघाल्या. त्यांत टोल भरण्याचे खाते होते, मुलीच्या लसीकरणाची नोंद होती आणि आम्ही पूर्ण विसरलेले एक बचत खातेही होते, ज्यात थोडे पैसे शिल्लक होते. एकेक ठिकाणी शिरून बदल करायला चार संध्याकाळी गेल्या. गूगल खात्याचा रिकव्हरी नंबर खरोखरच हाच होता. तिथे आता माझ्या बहिणीचा पुण्यातील नंबर आहे, आणि राखीव कोड छापून पासपोर्टच्या फाइलीत ठेवले आहेत.

पहिली विनंती नाकारली गेली. दिरांचे नाव मी जसे म्हणते तसे लिहिले होते. बिलावर मधले नावही होते. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त केले. मंगळवारी सकाळी दहाला विनंती गेली, बुधवारी दुपारी माझ्या जुन्या सिमचे सिग्नल गेले आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर पहिला फोन वाजला. तो दिरांचाच होता, नंबर लागतो का ते पाहण्यासाठी केलेला. संदेश शुक्रवारी सुरू झाले. दोन बँकांपैकी एकीने चाचणीचा कोड या नंबरावर पाठवला, दुसरीने हा नंबर चालणार नाही असे पडद्यावरच सांगितले. एका ठिकाणी ॲप आधीच सुरू केलेले आणि दुसऱ्याचे कोड यजमानांच्या नंबरावर येत असल्यामुळे काही अडले नाही.

विमान २६ तारखेचे आहे. पुण्याला पोहोचल्यावर यजमानांच्या सिमवर संदेश येतात का, ते ऑगस्टमध्ये इथेच लिहीन.